बोअरचे जड पाणी घरभर मृदू कसे करावे: चाचणीपासून मिठाच्या टाकीपर्यंत

शॉवरची जाळी दर महिन्याला बुजते, गीझरची कॉइल दीड-दोन वर्षांत जाते, तूरडाळ चार शिट्ट्या होऊनही टचटचीत राहते, अशी तक्रार पुण्याच्या उपनगरांत घरोघरी ऐकू येते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात असते. खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी पावसाचे, म्हणून मुळात मृदू असते. याउलट काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेले भूजल वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. घरात केवळ महापालिकेचे पाणी येत असेल, तर सॉफ्टनरवर, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या यंत्रावर, खर्च करण्याचे काहीच कारण नाही. अशा घराला पावसाळ्यातील गढूळपणासाठी गाळ अडवणारा एखादा फिल्टर पुरेसा आहे.

म्हणून पहिले काम चाचणीचे. बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात कपड्यांच्या साध्या साबणाचा कीस टाकून हलवावे. फेसाऐवजी दह्यासारखी पांढरट साय तरंगू लागली, तर पाणी जड आहे असे समजावे. (डिटर्जंट पावडरीने ही परीक्षा होत नाही, कारण ती जड पाण्यातही फेसाळते.) आकडा हवा असेल तर थेंबांचा जडता-संच आणावा. ठरलेल्या मापाच्या नमुन्यात आधी रंगद्रव्य घातले की पाणी कोकमाच्या सरबतासारखे लालसर होते. मग दुसऱ्या कुपीतील द्रावण एकेक थेंब सोडत, दर थेंबाला नळी हलवत राहायचे. लाल रंग जांभळटावरून स्वच्छ निळ्यावर येईपर्यंत पडलेले थेंब मोजून संचावर दिलेल्या आकड्याने गुणले, की जडता कळते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची जडता स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंतची चालण्याजोगी मानली जाते. महापालिकेचे आणि बोअरचे पाणी एकाच हौदात पडत असेल, तर चाचणी एप्रिल-मे महिन्यांत करावी, कारण तेव्हा बोअरचा वाटा सर्वांत जास्त असतो. लोहाचा अंश मात्र प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावा. तो जास्त असेल तर सॉफ्टनरच्या आधी लोह काढणारा वेगळा फिल्टर लागतो, नाहीतर सॉफ्टनरमधील रेझिनच्या मण्यांवर गंजाचा थर बसतो.

सॉफ्टनर म्हणजे मोहरीएवढ्या पिवळसर रेझिनमण्यांनी भरलेले पिंप. हे मणी पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. क्षारांची अदलाबदल होते, ते नाहीसे होत नाहीत, ही गोष्ट मला उशिरा उमगली. यंत्र बसवल्यावर मी पाण्यात टीडीएस (म्हणजे विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर बुडवला, आकडा जागचा हलला नाही, आणि मी तंत्रज्ञाला दोन हेलपाटे घालायला लावले. सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही. त्याची पारख थेंबांच्या संचानेच करावी.

आकार ठरवताना विक्रेत्याच्या तक्त्याआधी आपले गणित मांडावे. चार माणसे, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५४० लिटर पाणी. जडता ४०० असेल तर रोज २१६ ग्रॅम जडता काढायची आहे. एक लिटर रेझिन व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम जडता पेलते, म्हणजे २५ लिटरचे पिंप १२५० ग्रॅमला पुरते आणि साधारण पाच दिवसांनी ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते, म्हणजे मण्यांवरचे कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून पुन्हा सोडियम बसते. दर खेपेस सुमारे तीन किलो, म्हणजे महिन्याला अठरा किलोच्या आसपास मीठ लागेल. हा हिशेब जमणार नसेल तर पिंप मोठे घेऊन फारसा फायदा नाही, कारण धुण्याच्या खेपा कमी झाल्या तरी मिठाचा एकूण खर्च जवळपास तेवढाच राहतो.

यंत्रणा बसवण्याची उत्तम जागा म्हणजे खालचा हौद आणि गच्चीवरची टाकी यांच्या मधली पाइपलाइन. टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याला मजल्यामागे चौरस सेंटिमीटरला एक-तृतीयांश किलोच्या आसपासच दाब मिळतो, आणि तेवढ्यावर पिंपातून पाणी नीट जात नाही. पंपापुढे आधी वाळूचा फिल्टर, मग सॉफ्टनर असा क्रम ठेवावा. टँकरच्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर दोहोंच्या मध्ये कार्बनचा फिल्टर घालावा, पण मग टाकीतील पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नाही, हे ध्यानात ठेवून टाकी वेळच्या वेळी धुवावी. पंपाचा वेगही तपासावा. २५ लिटरच्या पिंपातून ताशी ७५० ते १००० लिटर पाणीच नीट मृदू होते, आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप सहज त्याच्या दुप्पट पाणी फेकू शकतो. म्हणून जादा पाणी हौदात परत सोडणारी एक शाखा आणि व्हॉल्व्ह प्लंबरकडून आधीच काढून घ्यावे. सोबत यंत्र टाळून पाणी थेट पुढे नेणारी बायपास लाइन हवीच, म्हणजे दुरुस्तीच्या दिवशी घर कोरडे पडत नाही.

बागेची आणि फ्लशची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढावी. स्वयंपाकघरातील पिण्याच्या नळाबद्दलही तोच विचार करावा. ४०० जडतेचे पाणी मृदू केल्यावर लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते, त्यामुळे घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर त्या नळाला महापालिकेचे किंवा आरओचे पाणी द्यावे. चुंबक बसवून पाणी मृदू होते, असे सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. चुंबकाने जडता निघत नाही, आणि हे थेंबांच्या संचाने तिथल्या तिथे दाखवता येते.

पुढची निगा सोपी असते. पिंपावरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची दिशा बदलणारी अनेक-तोंडी चावी) फिरवून दहा मिनिटे उलट धुणे, मग अर्धा तास मिठाचे पाणी हळूहळू खेचू देणे, शेवटी स्वच्छ पाण्याने खंगाळणे, असा तासाभराचा क्रम ठरावीक दिवशी पाळावा. मीठ आयोडीन नसलेले, जाडे आणि स्वच्छ असावे. या धुण्याचे खारे पाणी थेट ड्रेनेजमध्ये जाईल असा पाइप टाकावा. ते झाडांना घालू नये आणि पावसाचे पाणी मुरवण्यासाठी सोसायटीने खणलेल्या खड्ड्यात तर मुळीच सोडू नये, कारण त्या खड्ड्याचे पाणी शेवटी त्याच बोअरला जाऊन मिळते.