डी ड्राइव्ह उडवून सी मोठा करायचाय? आधी शेजारी कोण राहतंय ते बघा

कोपरखैरण्यातली सिडकोची बैठी घरं ज्यांनी बघितलीत त्यांना पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे पाडलेले सी, डी असे तुकडे, समजवायला मला दोन मिनिटं लागतात. लागून असलेली दोन घरं एकानेच घेतली की मधली भिंत पाडायची, झालं मोठं घर. पण तुमचं पहिलं आणि तिसरं असेल आणि मधे दुसऱ्याचंच बिऱ्हाड असेल तर काय डोंबल एक होणार? हे तुकडे सांभाळणारं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट डिट्टो असंच आहे, आणि लोक अडकतात ते इथेच, डिलीट करण्यात नाही.

परवा ऐरोलीवरून मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आला, सी लालेलाल, डी अर्धा रिकामा. आपल्याकडचे असेंबलवाले अजून जुन्या सवयीने सी १०० जीबी आणि उरलेल्याचे डी, ई, एफ असे तुकडे करून देतात. हार्डडिस्कच्या जमान्यात ठीक होतं, विंडोज बसली की फक्त सी फॉरमॅट मारायचा, बाकीचं सामान शाबूत. ५१२ जीबीच्या एसएसडीत, म्हणजे आताच्या चिपवाल्या डिस्कमध्ये, मला त्यात काही अर्थ वाटत नाही. आणि डी मध्ये कॉपी ठेवली म्हणजे बॅकअप झाला असं ज्यांना वाटतं त्यांना हात जोडून सांगतो, डिस्क गेली की सी पण जातो आणि डी पण.

तर पहिलं काम, डी मधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि दोनचार फाइल तिथून उघडून बघा. डीत प्रोग्राम फाइल्स नावाचा फोल्डर दिसला तर थांबा, म्हणजे टॅली नाहीतर एखादा गेम तिथे इन्स्टॉल आहे, तो आधी काढून सी मध्ये किंवा दुसरीकडे टाकावा लागेल. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पण कधीकधी डीवर वळवलेले असतात, तेही बघून घ्या. कॉपी झाली की बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा. हे मी उगाच सांगत नाहीये, मी सोसायटीचा खजिनदार असताना बॅकअपची डिस्क लावलेली तशीच ठेवून डिस्कपार्टमध्ये, म्हणजे पार्टिशनसाठी कमांड टाइप करायच्या विंडोजच्या टूलमध्ये, बसलो, शून्य नंबरऐवजी एक नंबरची डिस्क सिलेक्ट झाली आणि वर क्लीन मारलं, तीन वर्षांचे मेंटेनन्सचे हिशोब गायब. क्लीन म्हणजे एक पार्टिशन नाही, त्या डिस्कवरची सगळीच जातात आणि तो एकदा विचारत पण नाही. साधी हार्डडिस्क होती आणि वर काही लिहिलं नव्हतं म्हणून टेस्टडिस्क नावाच्या फुकटच्या टूलने रात्री दोन वाजता परत मिळालं, एसएसडी असती तर ट्रिममुळे, म्हणजे ती उडवलेली जागा स्वतःच पुसून टाकते म्हणून, एवढी आशा धरू नका.

आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या पट्टीत घरं ओळीने दिसतील. डावीकडचं १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय, त्याच्यावर बूट होतं, त्याला हात लावायचा नाही. मग सी. सीच्या उजवीकडे चिकटून डी असेल तर तुमचं नशीब चांगलं, डीवर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम, ती जागा काळ्या पट्टीची होईल आणि अनअलोकेटेड लिहून येईल, मग सीवर राइट क्लिक, एक्सटेंड व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. पाच मिनिटं पण नाही लागत. वापरात आहे म्हणून डिलीट होत नसेल तर बहुतेक पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती फाइल) डीवर ठेवलेली असते, ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमधून व्हर्च्युअल मेमरी सीवर आणा, रिस्टार्ट करा.

काहीजण डोकं लावतात, डी पूर्ण कशाला उडवू, थोडा श्रिंक, म्हणजे लहान करतो. नाही चालत. श्रिंक केल्यावर जागा डीच्या उजव्या टोकाला सुटते, सीच्या बाजूला नाही, मग एक्सटेंड करड्या रंगाचंच राहतं आणि माणूस तासभर माउस आपटत बसतो.

भावाच्या लॅपटॉपमध्ये सी आणि डीच्या मधे रिकव्हरीचं, म्हणजे विंडोज बिघडली तर दुरुस्त करायच्या सामानाचं, छोटं बिऱ्हाड होतं, आणि त्याच्यावर राइट क्लिक केलं तर डिलीटच येत नाही. अशा वेळी डी आधीसारखाच उडवायचा, मग दोन रस्ते. जीपार्टेड नावाचं पार्टिशनचं टूल पेनड्राइव्हवर टाकून त्यातून बूट करायचं आणि ते बिऱ्हाड उजवीकडे सरकवायचं, पण सरकवताना लाईट गेली तर सगळंच बोंबलतं, पावसाळ्यात यूपीएसशिवाय डेस्कटॉपवर मी तरी करणार नाही. दुसरा म्हणजे ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी रीएजंटसी स्लॅश डिसेबल (reagentc /disable, म्हणजे रिकव्हरी तात्पुरती बंद), मग डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, साइज बघून बरोबर नंबर सिलेक्ट, आणि डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. सी वाढवून झाला की रीएजंटसी स्लॅश इनेबल. आम्ही हेच केलं. त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर, चालू आहे का ते बघा, नवीन लॅपटॉपमध्ये बरेचदा आपोआप चालू असतो, ४८ आकड्यांची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर सस्पेंड करून मगच पुढे जा.

कॉलेजच्या पोरांनी विंडोजसोबत उबंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली असेल तर त्याची पार्टिशन विंडोजला बिननावाची दिसतात, ती उडवण्याआधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरला आणा. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर तसंच उडवलं तर रिस्टार्टला काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू (उबंटूच्या बूट प्रोग्रामचा एरर) येऊन बसतं, मग विंडोजच्या इन्स्टॉलवाल्या पेनड्राइव्हवरून बूट दुरुस्त करायची बूटरेक फिक्सएमबीआर (bootrec /fixmbr) ही कमांड मारत बसा.

भावाचा सी आता एकच मोठा झालाय. संध्याकाळी घरी पोचून फोन केला, "दादा, ५१२ ची डिस्क ना, मग ४७६ च कशी दिसते, राहिलेले तू कुठे उडवलेस?" कुठेच नाही रे बाबा, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने.