काम तुमचं, क्लायंट दुसऱ्याचा? कॉर्पोरेट वकील मैत्रिणींनो, या चुका टाळा

लॉ फर्ममध्ये सहा-सात वर्षं काढलेल्या वकिलाला ड्यू डिलिजन्स (कंपनीच्या कागदपत्रांची छाननी) येतो, शेअर परचेस अ‍ॅग्रीमेंटचा मार्कअप (मसुद्यावरच्या दुरुस्त्या) येतो, क्लोजिंगच्या, म्हणजे डील पूर्ण होण्याच्या, रात्री डोकं शांत ठेवताही येतं. हे सगळ्यांनाच येत असल्यामुळे पार्टनर कुणाला करायचं हे ठरवताना त्यावर फार वेळ जात नाही. तिथे विचारतात, हिचे स्वतःचे क्लायंट कोण? बऱ्याच जणींचं घोडं इथे अडतं.

डीलची सगळी उस्तवार अंगावर घेणं

सह्यांची पानं गोळा करणं, डेटा रूममध्ये (डीलची कागदपत्रं ठेवायच्या ऑनलाइन जागेत) काय आलं नाही त्याचा पाठपुरावा, कॉलचे मिनिट्स, सीपी चेकलिस्ट (क्लोजिंगआधी पुऱ्या करायच्या अटींची यादी). ही कामं टीममधल्या बाईकडे येतात आणि ती चोख करते म्हणून पुन्हा तिच्याकडेच येतात. क्लायंटच्या लेखी तुम्ही ‘कागद पाठवणाऱ्या मॅडम’ होता. सल्ला हवा असला की तो तुमच्या सीनियरला फोन लावतो.

नुसतं ‘मिनिट्स मी लिहिणार नाही’ म्हणून भागत नाही. बदल्यात काहीतरी मागावं लागतं. पुढच्या कॉलआधी पार्टनरला सांगा, ‘इन्डेम्निटीवर (नुकसानभरपाईच्या कलमावर) मी बोलते.’ विषय एकच घ्या, पण पुरा घ्या: दाव्याची कमाल रक्कम किती, मुदत किती, टॅक्सच्या दाव्यांना वेगळी मुदत का. समोरच्या वकिलाशी तुम्ही घातलेला वाद क्लायंटने ऐकला की पुढचा प्रश्न तो तुम्हालाच विचारतो. उत्तर लगेच सुचलं नाही तर पार्टनरच्या तोंडाकडे बघू नका. ‘तपासून संध्याकाळी कळवते’ म्हणा, आणि संध्याकाळी खरंच कळवा.

चार पानी मेल

परदेशी गुंतवणूकदाराला शेअर्स अ‍ॅलॉट झाले. सीएफओ विचारतो, आता काय? त्याला फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) इतिहास नको असतो. अ‍ॅलॉटमेंटपासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर (रिझर्व्ह बँकेला परदेशी गुंतवणूक कळवण्याचा फॉर्म) भरायचा, म्हणजे अमुक तारखेपर्यंत. बँकेकडून हे कागद, सीएकडून व्हॅल्युएशनचा दाखला. उशीर झाला तर लेट फी. पाच ओळींत संपतं. कायद्याची चर्चा खाली जोडा, हवी असेल तर तो वाचेल. तारखेच्या आठवडाभर आधी तुमच्या नावाने एक आठवण गेली, तर ती बारा पानी मेमोपेक्षा जास्त लक्षात राहते.

पैशांचा विषय निघाला की गप्प बसणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. क्लायंट म्हणतो, ‘मॅडम, जाता जाता हे एक छोटंसं बघाल का?’ शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटच्या ठरलेल्या फीमध्ये ईसॉप (कर्मचाऱ्यांना शेअर्स देण्याची) स्कीम घुसते, मग ऑफिसचा लीव्ह अँड लायसन्स करारही. नाही म्हणायला संकोच वाटतो. तास मात्र भरतात, बिलात ते कापले जातात, आणि वर्षअखेरीस तुमचं रियलायझेशन (भरलेल्या तासांपैकी वसूल झालेला भाग) कमी दिसतं.

यासाठी एक वाक्य तयारच ठेवा: ‘नक्की करू, पण हे एंगेजमेंट लेटरच्या (काम आणि फी ठरवणाऱ्या पत्राच्या) बाहेरचं आहे, वेगळा अंदाज उद्या पाठवते.’ पार्टनरला आधी विचारून घ्या म्हणजे तोंडघशी पडायला नको. हे ऐकून बहुतेक क्लायंट रागावत नाहीत. तेही आपल्या गिऱ्हाइकांशी रोज हेच बोलत असतात. शिवाय आपल्या मॅटरचं बिल किती झालं, वसूल किती झालं, हे आकडे मागून घ्या. ते ज्याच्याकडे असतात, क्लायंट त्याचा मानला जातो.

नियम ३६ चा बाऊ, किंवा त्याचा विसर

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष किंवा आडवळणाने जाहिरात करता येत नाही, काम मागताही येत नाही. काही जणी या धाकाने अज्ञातवासात जातात. काही जणी लिंक्डइनवर ‘अशा डीलसाठी संपर्क साधा’ लिहून मोकळ्या होतात. सेबीच्या नव्या परिपत्रकाचा अर्थ उलगडून लिहिणं ही वेगळी गोष्ट; ते जरूर करा.

खरे क्लायंट मात्र बहुधा ओळखीतून येतात. आज कॉलवर गप्प बसलेली कंपनीच्या लीगल टीममधली ज्युनियर काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीत लीगल हेड असते आणि वकील निवडते. तिने नोकरी बदलली की फोन करा. आयएलएस (पुणे) किंवा जीएलसी (मुंबई) या लॉ कॉलेजांतल्या बॅचमधल्या मैत्रिणी कुठे आहेत, याचीही खबर ठेवा. व्हिस्कीच्या मैफलीत बसलंच पाहिजे असं नाही. दुपारचं जेवणही चालतं.

क्लायंटच्या माणसाने मर्यादा सोडली, तर ‘मोठा क्लायंट आहे’ म्हणून गिळू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या पॉश कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती जागाही कार्यस्थळच असते. त्याच दिवशी लेखी कळवा.

जाता जाता: फर्ममधली सगळी पॉश ट्रेनिंग्ज ‘लेडी लॉयर’कडे ढकलायची पद्धत आहे. आवडत असेल तर घ्या. पण तिथे ओळख एचआरशी होते. डील देणारी माणसं सहसा त्या खोलीत नसतात.

रजेवर जाताना क्लायंट सोडून देणं

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आहे. तेवढा वेळ क्लायंट दुसऱ्याचा व्हायला सहज पुरतो. जाण्याआधी तिघांचा कॉल लावा, सहकाऱ्याची ओळख तुम्हीच करून द्या आणि परत येण्याचा महिना सांगा. नंतर क्लायंटच्या धंद्याला लागू पडणारा मोठा बदल झाला तर एखादा मेसेज करा. रोज मेल बघण्याची गरज नाही. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात भेट घ्या. ‘काही लागलं तर सांगतीलच’ म्हणून वाट बघत बसाल, तर कोणी सांगत नाही.

इक्विटी पार्टनर (फर्मच्या नफ्यात वाटा असलेल्या भागीदार) झाल्यावर तुम्ही फर्मच्या कर्मचारी राहत नाही, त्यामुळे रजा कायद्यातून नव्हे तर पार्टनरशिप डीडमधून (भागीदारीच्या करारातून) मिळते. सही करण्याआधी ते कलम वाचा. दुसऱ्यांची डीड्स वाचण्यात आयुष्य गेलेल्या बायका नेमकी स्वतःची वाचत नाहीत. आणि कंटाळून इन-हाउस (एखाद्या कंपनीच्या लीगल टीममध्ये) जाणार असाल, तर पूर्णवेळ पगारी नोकरी धरताच बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे आपल्या बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. राजीनाम्याच्या गडबडीत हे पत्र राहून जातं. महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची सनद असेल, तर ते त्यांच्याकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा.