संज्ञापन सिद्धांतांचा अभ्यास करताना या चुका टाळा

मानवी संज्ञापन हा विषय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सोपा वाटतो, कारण बोलणे आणि ऐकणे हा प्रत्येकाच्या रोजच्या अनुभवाचा भाग असतो. परीक्षेत मात्र वेगळेच चित्र दिसते. आकृत्या अचूक काढलेल्या असतात, अभ्यासकांची नावे आणि वर्षे बरोबर असतात, तरीही उत्तर फसते. माझ्या मते यातील बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. प्रत्येक सिद्धांत हे कोणत्या तरी विशिष्ट प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न विसरून नुसते उत्तर पाठ केले की ते भलत्याच ठिकाणी वापरले जाते.

शॅननची आकृती म्हणजे माणसांचा संवाद नव्हे

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी गणितज्ञ-अभियंता क्लॉड शॅनन यांचे प्रारूप (मॉडेल). शॅनन बेल या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि त्यांचा लेख 1948 मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. एका ठिकाणी निवडलेला संदेश दुसऱ्या ठिकाणी तंतोतंत किंवा जवळपास तसाच कसा मिळवायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. संदेशाचा अर्थ या अभियांत्रिकी प्रश्नाच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे, असे त्यांनी लेखाच्या आरंभीच स्पष्ट केले आहे. विद्यार्थी हे वाक्य वाचत नाहीत, आणि शॅनन ज्याला ‘माहिती’ म्हणतात ती म्हणजे संदेशाचा आशय, असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात ती अनिश्चिततेशी जोडलेली आणि बिटमध्ये मोजता येणारी राशी आहे. नाणेफेकीचा निकाल कळणे म्हणजे एक बिट माहिती मिळणे, मग त्या निकालावर काहीही अवलंबून असो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे या मूळ आकृतीतच प्रतिसादाचा बाण काढणे. शॅनन यांच्या सर्वसाधारण संज्ञापन व्यवस्थेच्या आकृतीत स्रोत, प्रक्षेपक, वाहिनी, व्यत्ययाचा स्रोत, ग्राहकयंत्र आणि गंतव्य आहेत, पण प्रतिसाद नाही. प्रतिसादाची कल्पना गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्समधून, म्हणजे यंत्रे आणि सजीव यांतील नियंत्रण व संज्ञापनाच्या शास्त्रातून, या विषयात रुजली आणि पुढच्या प्रारूपांनी ती सामावून घेतली. विल्बर श्रॅम यांनी 1954 मध्ये प्रेषक आणि ग्राहक यांच्या अनुभवक्षेत्रांवर, म्हणजे प्रत्येकाच्या पूर्वानुभवांच्या साठ्यावर, भर दिला, तर डीन बार्नलंड यांच्या 1970 च्या व्यवहारात्मक प्रारूपात दोन्ही पक्ष एकाच वेळी संदेश देतात आणि घेतात.

हा फरक उदाहरणावरून तपासून पाहावा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला आई फोनवर विचारते, “जेवलीस का गं?” आवाज स्वच्छ पोहोचला की शॅनन यांचा प्रश्न सुटला. मुलीला त्यात काळजी ऐकू आली की पाळत, हा प्रश्न मात्र तसाच उरतो. त्यासाठी पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1967 च्या मांडणीकडे वळावे लागते. प्रत्येक संदेशाला आशयाची आणि नातेसंबंधाची अशा दोन पातळ्या असतात, असे ही मांडणी सांगते. उत्तरात कोणतीही आकृती काढण्यापूर्वी ‘हे प्रारूप अमुक प्रश्नासाठी तयार झाले’ असे एक वाक्य लिहावे. ते लिहिता आले नाही, तर आकृती अजून समजलेली नाही असे मानावे.

सात, अडतीस, पंचावन्न

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतून एक विधान महाविद्यालयांत पोहोचले आहे, आणि त्याने फार नुकसान केले आहे. संवादातील केवळ 7 टक्के अर्थ शब्दांतून, 38 टक्के आवाजातून आणि 55 टक्के देहबोलीतून पोहोचतो, असे ते विधान. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले गेले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली गेली, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढेच ओळखायला सांगितले गेले. म्हणजे हे प्रमाण भावना आणि वृत्ती यांच्यापुरते आहे. शब्द एक सांगत असतील आणि चेहरा दुसरेच, तेव्हा ऐकणारा कशावर अधिक विसंबतो, याविषयी ते काही सांगते. ही मर्यादा मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केली आहे. विधान अक्षरशः खरे असते, तर अनोळखी भाषेतील व्याख्यान पाहून त्यातला 93 टक्के अर्थ आपल्याला कळला असता. उत्तरपत्रिकेत हे आकडे लिहायचेच असतील, तर ही अट सोबत लिहावी.

माध्यमांच्या प्रभावाबद्दलचे गैरसमज

‘इंजेक्शनची सुई’ हा एका अभ्यासकाने मांडून सिद्ध केलेला सिद्धांत आहे, असे समजू नये. माध्यमांचा परिणाम थेट आणि सर्वांवर सारखाच होतो, या जुन्या गृहीतकाला पुढे दिले गेलेले ते नाव आहे. या गृहीतकाला मोठा धक्का दिला तो लाझार्सफेल्ड, बेरेलसन आणि गॉडेट यांच्या अभ्यासाने. 1940 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतील ईरी काउंटीमध्ये त्यांनी त्याच मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे पक्ष बदलणारे थोडेच निघाले, आणि अनेकांवर माध्यमांपेक्षा ओळखीच्या माणसांचा प्रभाव अधिक दिसला.

अजेंडा सेटिंगच्या बाबतीत गोंधळ निराळा असतो. माध्यमे लोकांची मते ठरवतात, असे हा सिद्धांत म्हणत नाही. कोणते विषय महत्त्वाचे वाटावेत यावर त्यांचा प्रभाव पडतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे. मॅक्कोम्ब्स आणि शॉ यांनी 1968 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल येथील, कोणाला मत द्यायचे हे अजून न ठरवलेल्या 100 मतदारांच्या मुलाखती घेतल्या आणि माध्यमांचा विषयक्रम व मतदारांचा विषयक्रम यांत दाट संबंध दाखवला. परंतु सहसंबंधावरून कोण कोणावर प्रभाव टाकतो हे ठरत नाही. त्यामुळेच 1972 च्या निवडणुकीत शार्लट शहरात त्याच मतदारांना वेगवेगळ्या टप्प्यांवर प्रश्न विचारणारा पुढचा अभ्यास करावा लागला. चॅपल हिलच्या अभ्यासाने ‘सिद्ध केले’ असे लिहिणारा विद्यार्थी हा मधला टप्पाच गाळून टाकतो.

सिद्धांताच्या सीमेकडे दुर्लक्ष करणे ही चूक याच जातीची आहे. बर्गर आणि कॅलाब्रीज यांचा 1975 चा अनिश्चितता-घट सिद्धांत, म्हणजे माणसे एकमेकांविषयी माहिती मिळवून अनिश्चितता कमी करतात ही मांडणी, अनोळखी माणसांच्या पहिल्या भेटींसाठी केली गेली. पंधरा वर्षांच्या मैत्रीतील भांडणाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. ‘या सर्वांत खरा सिद्धांत कोणता’ हा प्रश्नही सोडून द्यावा. रॉबर्ट क्रेग यांनी 1999 मध्ये या विद्याशाखेच्या सात परंपरा मांडल्या, त्या एकमेकींशी वाद घालू शकतात हे दाखवण्यासाठी. या परंपरांची क्रमवारी लावण्याचा क्रेग यांचा हेतू नव्हता.

उपयोजनाचे प्रश्न

‘सिद्धांत लागू करा’ या प्रश्नात विद्यार्थी बहुधा घटनेतल्या माणसांना प्रेषक आणि ग्राहक अशी नावे देऊन थांबतात. त्याऐवजी एका घटनेला दोन-तीन सिद्धांतांचे प्रश्न विचारण्याचा सराव करावा. यासाठी आपल्याजवळचेच उत्तम उदाहरण आहे. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांच्या सुमारे 150 गावांत आकाशवाणीचे शेतीविषयक कार्यक्रम गटाने ऐकून त्यांवर चर्चा करणारी श्रोतेमंडळे चालवली गेली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने त्यांचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या आणि रेडिओच नसलेल्या गावांशी करण्यात आली. ज्ञानात ठळक वाढ झाली ती मंडळांच्या गावांत. कार्यक्रम स्पष्ट ऐकू येत होता का, हे शॅनन विचारतील. कार्यक्रमाची भाषा आणि उदाहरणे शेतकऱ्यांच्या अनुभवक्षेत्रातली होती का, हे श्रॅम विचारतील. गटात कोणाच्या बोलण्याला वजन होते, हा प्रश्न लाझार्सफेल्ड यांच्या वळणाचा. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे तशी वाढ का दिसली नाही, याचे उत्तर मात्र माध्यमांचा परिणाम थेट होतो असे मानणाऱ्याला देता येणार नाही.