कॉफीत एक्सपी-टू धुताना या चुका टाळा

इल्फर्डच्या एक्सपी-टू सुपर या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीवर ‘सी-४१’, म्हणजे रंगीत रोल धुण्याची पद्धत, असं छापलेलं असतं. घरी कॉफीचा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण) करून रोल धुणाऱ्यांची निम्मी फजिती तेवढ्यामुळेच होते.

ही फिल्म काळी-पांढरी, पण धुवायची रंगीत रोलच्या रसायनांत. तिथे चांदीच्या जोडीनं रंगद्रव्य तयार होतं, मग ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि निगेटिव्हवर नुसतं रंगाचं चित्र उरतं. कॉफीला हे रंगद्रव्य बनवता येत नाही. ती चांदीचं चित्र काढते, बस्स. म्हणून कॉफीनंतर ब्लीच किंवा ब्लिक्स (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) अजिबात नको, साधा काळ्या-पांढऱ्या रोलचा फिक्सर हवा, तो चित्राची चांदी राहू देतो. मी पहिल्या रोलला मित्राकडची उरलेली ब्लिक्स वापरली. टाकी उघडली तर ३६ च्या ३६ फ्रेम गुल, आणि फिल्मच्या कडेला कारखान्यातच उमटवलेले फ्रेमचे आकडेही गेलेले.

ते आकडे नेहमी आधी बघावेत. आकडे आलेत पण फ्रेम कोऱ्या असतील तर गडबड कॅमेऱ्यात आहे, बहुतेक रोल पुढे सरकलाच नव्हता. आकडेही नसतील तर दोष रसायनांचा. आकडे फिकट दिसले तर डेव्हलपर कमजोर पडला, आणि त्यात बहुतेक वेळा गुन्हेगार सोडा असतो.

माझं प्रमाण लिटरला असं: धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६, इन्स्टंट कॉफी ४०, पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम. २० अंशांना १५ मिनिटं. यातले ५४ ग्रॅम कोरड्या, निर्जल सोड्याचे आहेत. दुकानदारानं स्फटिकाचे खडे दिले तर त्यांच्या निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. ५४ ग्रॅम खड्यांत खरा सोडा २० ग्रॅमच भरतो. खडे घ्यायचे तर साधारण १४६ ग्रॅम लागतील. खायचा सोडा तसाच टाकला तर चित्र उमटतच नाही. तो स्टीलच्या कढईत परतून, वजन घटायचं थांबेपर्यंत तापवला की धुण्याचा सोडा होतो: ८६ ग्रॅमचे ५४. कपड्यांची पावडर मात्र वेगळी चीज आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

कॉफी स्वस्तातली, पण पाकिटावर चिकोरी नाही ना ते वाचून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी इन्स्टंट कॉफ्यांत ३० टक्क्यांच्या आसपास चिकोरी असते, म्हणजे ४० ग्रॅममधले १२ ग्रॅम गेले. काम कॅफिन करत नाही, कॅफेइक आम्ल आणि त्याची भावंडं करतात. हा नुस्खा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधला. व्हिटॅमिन सीची भर नंतरची. चघळायच्या संत्र्याच्या गोळ्या नकोत, त्यात साखर आणि रंग असतो. शुद्ध पावडर घ्या.

आधी सोडा विरघळवा, मग व्हिटॅमिन सी, शेवटी कॉफी. व्हिटॅमिन सी पडलं की द्रावण फसफसतं. पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर बुडबुडे फिल्मला चिकटून गोल डाग पडतात. वासाबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत नळाचं पाणी तिशीच्या वर जातं. त्या गरमीत १५ मिनिटं दिली तर सगळीकडे करडा पडदा चढतो. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भांड्यात सोडा. बर्फ थेट टाकला तर द्रावण पातळ होतं. डेव्हलपर टाकीतून ओतून काढल्यावर व्हिनेगरचा स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) नको, सोड्याशी गाठ पडून टाकीत वायू भरतो आणि झाकण उडतं. साध्या पाण्यानं तीन-चारदा खळबळवा.

फिक्सर किती वेळ? रोलच्या जिभेचा, म्हणजे डबीबाहेरच्या टोकाचा, तुकडा उजेडातच त्यात टाका, तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट. निगेटिव्ह दुधाळ दिसली तर फिक्सिंग कमी पडलं, पुन्हा फिक्सरमध्ये टाका. नुसती जांभळट झाक असेल तर घाबरू नका. कोडॅकची अशीच सी-४१ ची काळी-पांढरी फिल्म बीडब्ल्यू४००सीएन २०१४ मध्ये बंद झाली, पण जुना रोल हाती लागला तर तिचा नारिंगी मुखवटा, म्हणजे फिल्मचा मूळचा नारिंगी रंग, कितीही धुतला तरी जात नाही.

स्कॅनरचं इन्फ्रारेड धूळ-सफाईचं बटण मात्र बंद ठेवा. सी-४१ मध्ये धुतलेल्या एक्सपी-टूवर ते छान चालतं, कारण रंगद्रव्यातून इन्फ्रारेड आरपार जातो. इथे चांदी आहे, आणि चांदी त्याला अडवते. माझ्या पुतणीच्या फोटोत स्कॅनरनं तिच्या केसांनाच धूळ समजून पुसून टाकलं होतं.