प्रोसेसर इंटरफेसला जोडताय? आधी 'इन्स्ट' बटण बघा

गिटारचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर (आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणारा) ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीला, जोडला आणि आवाज फाटला, की दोष केबलला मिळतो. केबल बिचारी बहुतेक वेळा ठीकच असते. प्रोसेसरमधून निघणारा सिग्नल नुसत्या गिटारपेक्षा बराच जोरकस असतो, म्हणून इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण बंद ठेवा आणि सिग्नल लाइन इनपुटवर, म्हणजे जोरकस सिग्नलसाठीच्या इनपुटवर, घ्या. ते बटण गिटार थेट खोचायची तेव्हासाठी. माइकसाठी असलेलं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरही बंदच बरं.

प्रोसेसरच्या 'लेफ्ट/मोनो' जॅकमधून एक केबल पुरते. डिले, रिव्हर्ब (प्रतिध्वनी, घुमारा) स्टिरिओत हवा असेल तरच दुसरी. इंटरफेसचा गेन (सिग्नल कमी-जास्त करायचा नॉब) शून्यावरून हळूहळू वाढवा. सगळ्यात जोरकस स्ट्रोकला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबावा. प्रोसेसरचं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन डबीत अडकलेल्या माशीसारखं घोंगावतं.

आपल्याकडं खरी डोकेदुखी मागून येणाऱ्या 'घुंऽऽ' आवाजाची. उन्हाळ्यात लातूर-परभणीकडं जमीन कोरडीठाक पडते, तशी घराची अर्थिंगही कमजोर होते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घुंऽऽ थांबला, तर प्रोसेसर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तरीही राहिला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतीलच. त्यांचं अजिबात ऐकू नका, शॉक बसायचा.

आणि हो, बऱ्याच नव्या प्रोसेसरना यूएसबी असतं. तुमचा त्यावरून थेट रेकॉर्डिंग करत असेल, तर इंटरफेस मधे आणायचीच गरज नाही.