अंगमेहनतीने पाठ धरली असता हाताने करायचा उपचार कसा निवडावा

चिरे वाहणारा मजूर, माडावर चढणारा पाडेली, रापणीचा दोर ओढणारा मच्छीमार, हॉटेलात दिवसभर गाद्या उचलून चादरी बदलणारी कामगार, मार्च ते मे या काळात वाकून काजूची बोंडे गोळा करणारी बाई, अशा कष्टकऱ्यांपैकी कोणाची ना कोणाची पाठ गोव्यात रोज धरते आणि मग घरातील प्रत्येक जण निराळा पत्ता सांगू लागतो. एक जण मालीशवाल्याकडे जायला सांगतो, दुसरा वैद्याकडे, तर तिसरा हाड बसवणाऱ्याकडे. अशा वेळी उपचारपद्धतीच्या नावावर जाऊ नये. हात लावण्याआधी समोरची व्यक्ती काय तपासते आणि नंतर घरी काय करायला सांगते, यावर निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी धोक्याची लक्षणे पाहावीत

काही दुखण्यांत पाठीला कोणाचाही हात लागता कामा नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, गुदद्वाराभोवती व मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा येणे, एका किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास मणक्यांतून जाणाऱ्या नसांवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे गोमेकॉचा, आपत्कालीन विभाग गाठावा. यात काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो.

माडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, तापासह आलेले दुखणे, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, रात्री पडूनही न थांबणारी वेदना, ठिसूळ झालेली हाडे किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय मालीशसुद्धा करून घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही उपचार करणाऱ्याला सांगावे.

यांतील काहीच नसेल, तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत दुखण्यामागे एक ठरावीक आजार सापडत नाही आणि नव्याने सुरू झालेले दुखणे बहुधा काही आठवड्यांत उतरते. म्हणूनच अमुक माणसाने दोन बैठकांत बरे केले, ही शिफारस ऐकताना थोडे सावध राहावे, कारण त्या दोन बैठका झाल्या नसत्या तरी दुखणे उतरले असते, असे पुष्कळदा घडते.

कोणाकडे काय मिळते

मालीशने आखडलेले स्नायू सैल होतात आणि काही काळ वेदना कमी होते; हा आराम खरा असला तरी तो बहुधा अल्पकाळ टिकतो. किनाऱ्यावरील पर्यटकांसाठी असलेल्या ‘आयुर्वेदिक मसाज’च्या पाट्यांना कष्टकऱ्याने उपचार समजू नये. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर नोंदणीकृत वैद्याकडे जावे. पेडणे तालुक्यात धारगळ येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र आहे, ज्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. कटीबस्ती या आयुर्वेदिक उपचारात कमरेवर उडदाच्या पिठाची गोल पाळ बसवून तिच्यात कोमट तेल ओततात आणि ते निवत आले की बदलतात. या उबेने बरे वाटते, मात्र मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या रुग्णाने चटका बसणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी.

फिजिओथेरपिस्ट हातांनी सांधे हलवून मोकळे करतो आणि त्याच्या जोडीला व्यायाम शिकवतो. गोमेकॉत व जिल्हा इस्पितळांत ही सोय आहे आणि सामान्य कष्टकऱ्याने सुरुवात येथूनच करावी, असे मला वाटते. झटका देऊन मणका ‘कटकन’ वाजवणे ही आणखी एक पद्धत. तो आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने येतो; जागचे हललेले हाड परत बसल्याची ती खूण नव्हे. प्रशिक्षित हातांनी कमरेला दिलेल्या अशा झटक्याने काहींना आराम पडतो, पण मानेला झटका दिल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका दुर्मीळ असला तरी गंभीर आहे. कंबर दुखत असताना कोणी मान वाजवू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे.

उसण भरल्यावर पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या, माणसाकडून कमरेवर पाय मारून घेण्याची जुनी चाल अजून काही घरांत आहे. श्रद्धेचा मान राखायचा असेल तर नुसत्या स्पर्शावर भागवावे. वृद्धांचा ठिसूळ मणका लाथेने मोडू शकतो.

पहिल्या भेटीत काय पाहावे

चांगला उपचारक लगेच पालथे झोपायला सांगत नाही. तो दुखणे कसे सुरू झाले, ते पायात उतरते का, कामावर नेमके काय व किती वेळा उचलावे लागते, हे विचारतो. उताणे झोपवून गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलतो, पायाचा अंगठा वर दाबायला लावून जोर पाहतो, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावतो. ‘मणक्यात गॅप पडली आहे’ असे केवळ हात फिरवून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एमआरआयमध्ये दिसणारी दोन मणक्यांमधील फुगलेली गादी पाठ मुळीच न दुखणाऱ्या अनेकांतही आढळते, हेही येथे लक्षात ठेवावे.

शिक्षण, नोंदणी आणि शुल्क संकोच न करता विचारावे. वीस-तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडून उठून यावे.

उपचार चालू ठेवावा की थांबवावा

तीन-चार बैठकांनंतर वाकणे, झोपणे, चालणे यांत काहीच फरक नसेल तर त्याच उपचारावर पैसे घालवत राहू नये. पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. पोटरीपर्यंत उतरणारी कळ मागे सरकून फक्त कमरेत राहिली, तर ते सहसा चांगले लक्षण असते. उलट कमरेतील कळ पायात उतरू लागली, तर उपचार लगेच थांबवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम, मालीश आणि मणक्यावरील हस्तोपचार यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) आणि अल्ट्रासाउंडचा शेक मात्र नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे म्हटले आहे. पट्टा बांधून काम रेटणाऱ्यांची संख्या पाहता हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

एक-दोन दिवसांपेक्षा अधिक अंथरूण धरू नये. चालणे सुरू ठेवावे आणि उपचारकाकडून कामाचाच सराव करून घ्यावा: प्रथम रिकामी गोणी, मग थोडे वजन, ओझे पोटाशी धरून, गुडघे व नितंबांतून वाकून, आणि ओझे हातात असताना कंबर न पिळता पावलांनी वळून. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. कामावर परतल्यावर पहिले काही दिवस ती दोघांनी मिळून उचलण्याची मुभा ठेकेदाराकडे मागावी. दुखणे कामावर असताना सुरू झाले असेल तर तसा स्पष्ट उल्लेख डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावा आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड असल्यास ते पहिल्याच भेटीत सोबत न्यावे, कारण रजेचा व भरपाईचा दावा पुढे या कागदांवरच उभा राहतो.