सालींच्या माध्यमावर बुरशी वाढवताय? या चुका टाळा

शिळ्या अन्नावर बुरशी न बोलावता येते. त्यामुळे भाज्या-फळांच्या साली उकळल्या, आगर (समुद्री शेवाळापासूनचा, द्रव गोठवणारा पदार्थ) घातलं की माध्यम, म्हणजे बुरशी वाढवायचं खाद्य, तयार, असं वाटतं. पण प्लेट (झाकणाची चपटी पेट्री डिश) ओतून पाहिली की घाई कुठे झाली ते कळतं.

प्रमाण पीडीएचंच (पोटॅटो डेक्स्ट्रोज आगर, बुरशीसाठीचं नेहमीचं माध्यम) धरा: १ लिटरला २०० ग्रॅम बटाटा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम आगर, पीएच ५.६ च्या आसपास. बटाट्याच्या जागी साली घ्या, बाकी काही बदलू नका. एकदम चार गोष्टी बदलल्या तर बिघडलं कशाने, ते शोधता येत नाही.

हाताला लागेल ते उचलू नका. शिजवलेल्या अन्नात मीठ-तेल असतं. लसूण, लवंग, दालचिनी बुरशीला मारक. पावात बऱ्याचदा बुरशी रोखायलाच कॅल्शियम प्रोपिओनेट घातलेलं असतं! बटाट्याच्या साली उत्तम, फक्त हिरवट पडलेल्या वगळा.

आगर गोठतच नाही? मी पहिल्यांदा संत्र्याच्या साली वापरल्या तेव्हा प्लेट तिरकी केली की सगळं एका कडेला ओघळायचं. मी आगर वाढवत राहिले. दोष आम्लाचा होता. आम्लात तापवलं की आगर तुटतं. आधी पीएच तपासा, कमी असेल तर पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालून वर आणा, मगच तापवा.

नुसतं उकळणं पुरत नाही, जिवाणूंचे बीजाणू त्यातून वाचतात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंश सेल्सिअसवर, १५ पौंड दाबाखाली १५ ते २० मिनिटं द्या. ओतताना ४५-५० अंशांवर येऊ द्या, नाहीतर झाकणाला पाणी धरतं. दोन प्लेट्स बुरशी न लावता तशाच ठेवा. त्यांवर काही उगवलं तर सगळी खेप टाका, पण टाकण्याआधी न उघडता पुन्हा ऑटोक्लेव्ह करा.

सगळ्यात फसवी चूक मोजण्यातली. वसाहतीचा (प्लेटवर पसरलेल्या बुरशीच्या गोलाचा) व्यास मोठा, म्हणून माध्यम चांगलं, असं लिहून लोक मोकळे होतात. अन्न कमी असलं की बुरशी विरळ धागे टाकत दूरवर पसरते. प्लेट उजेडासमोर धरा: पलीकडचं अक्षर वाचता येत असेल तर ती वाढ उपाशी आहे. शेजारी पीडीएची प्लेट ठेवून दाटपणा आणि बीजाणू दोन्ही ताडून पाहा. नेमका आकडा हवा असेल तर आगर न घालता द्रवात वाढवा, कवकजाल (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) गाळा, वाळवा आणि तोला.